टाळ्या वाजवून अक्षर येते काय?

४ ऑगस्ट, सोमवार

भावना मॅडम भैताड हाये. हे पयले लिहून ठेवतो, मंग बाकीचं.

ती मंगळवारी-गुरुवारी अमरावतीवरून शाळेत येते, गान्यानं वाचाले शिकवतो म्हनते. ही वही तिनंच देल्ली. वर लिहून हाये 'निरीक्षण वही'. लेकरू घरी काय करते, गान्यानं काय फरक पडला, ते पालकायनं यात लिहाचं आन् दिवाळीनंतर तिले दाखवाचं. आमच्या घरचे पालक वांग्याच्या वावरात वाकून हायेत, म्हनून शाळेत आजीले धाडलं. मी म्हटलं, "मॅडम, मी तं काहीभी लिहीन." ती म्हने, "आजी, मनात येईल ते लिहा." मनात हे आलं, का बाई येडी हाये.

माही नात आरती चौथीत हाये. बोलाले वकील. बाजारात गिऱ्हाइकाले असं गुंडाळते का तो वांगे घ्याले येते आन् दोडके भी घेऊन जाते. पन पुस्तक उघडलं का मुकी. अक्षरं म्हने जागेवर बसत नाई. 'कमल'चं 'मकल' करते, मंग रडते. हेडमास्तर गोवर्धन सरायनं माह्या पोराले, जीवनले, बोलावून सांगतलं: दिवाळीपर्यंत वाचाले लागली तं ठीक, नाईतं तिच्यासाठी वेगळी शाळा पाहा. जीवननं पाहून भी टाकली. अकोल्याले. तठीच राहाचं, तठीच खाचं, घरी सुट्टीत याचं. नऊ वर्साची पोट्टी! मले कोनी विचारलं नाई. मी कोन? म्हातारी. भांडे घासा आन् निरीक्षण लिहा.

मी भी सातवी शिकली हावो. चौथीत तीनदा बसली, पन शिकली. आता भी लिहितानी तोंडातल्या तोंडात काहीतरी गुनगुनावं लागते, नाईतं ओळ हातातून सुटते. जुनी खोड. बाकी मले काही झालं नाई.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज मॅडमनं झोळी उघडली. खंजिरी, घुंगरू, एक ढपली आन् रंगीत पट्ट्यायचा एक बाजा. मले वाटलं आता माकड भी निघन.

वाचता न येनारे सात पोट्टे गोल बसवले. आपलं आपलं नाव टाळ्या वाजवून सांगाचं. आ-र-ती, तीन टाळ्या. शु-भ-म, तीन टाळ्या. अर्धा तास हेच. सरकार याचा पगार देते.

मी मागून म्हटलं, "मॅडम, माह्या नावाच्या किती?"

"तुमचं नाव काय आजी?"

"बेबी."

"बे-बी. दोन टाळ्या."

"दोनच? माह्या सासूनं तं याच्यापेक्षा जास्त वाजवल्या होत्या."

पोट्टे लोळले. मॅडम भी हासली. हासली तं मले राग आला. ज्याले टोमना मारला त्यानं हासू नये, टोमना वाया जाते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मॅडम म्हने, "आजी, आरतीचे कान फार चांगले आहेत. डोळे मिटून कुठली पट्टी वाजली ते सांगते. आपण कानाकडून डोळ्यांकडे जाऊ."

मी म्हटलं, "कान तं आमच्या म्हशीचे भी चांगले हायेत. चरवी वाजली का उठून उभी राह्यते. तिले कोनत्या वर्गात घालता?"

२८ ऑगस्ट, गुरुवार

जीवननं अकोल्याचा फॉर्म आनला. फोटोची जागा हाये, अंगठ्याची जागा हाये, 'मुलाचा दोष' लिहाची भी जागा हाये.

मी म्हटलं, "दोष कोनाचा लिहितं? तुहा का तिचा?"

"आई, तुले काय माहीत? वर्गात पोट्टे तिले 'ढ' म्हनून चिडवतेत. परवा ती शाळेतून पळून आली. तठी तिच्यासारखेच राहतीन, कोनी हासनार नाई."

"घरी कोन हासते?"

"तू. तू तं साऱ्यायलेच हासतं."

माही सून गीतांजली भाकर थापत होती. तिचा हात थांबला, पन बोलली नाई. ती बोलतच नाई. आमच्या घरात बोलाचं काम मी एकटीच करतो, म्हनून ते नीट होते.

फॉर्म जीवननं देवाच्या फोटोमागं खोचला. देव तरी वाचन का?

८ सप्टेंबर, सोमवार

काल भुलाबाई बसली. यंदा आमच्या ओसरीत. मातीची भुलाबाई, बाजूले भुलोजी, खाली इवलासा गनपती. गल्लीतल्या पोट्ट्या संध्याकाळी गाने म्हनतेत आन् मंग डब्यातला खाऊ ओळखतेत. डबा झाकून वाजवाचा, पोट्ट्यायनं नाव घ्याचं. ओळखलं नाई तं घरवालीचा मान.

मी घरवाली. मान घ्याले तयारच बसली होती. डबा वाजवला. कोनी म्हने मुरमुरे, कोनी म्हने शेंगदाने. आरती म्हने, "फुटाने. आन् खाली गुळाचा एक खडा हाये, तो चिकटला."

होते फुटाने. होता खडा. चिकटलाच होता.

चोरून पायलं असन सैपाकघरात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

चार दिवस झाले, पोट्टी रोज जिंकून राहिली. आज मी बदमाशी केली. डब्यात खाऊ घातलाच नाई. ह्यायच्या जुन्या कोटाचे बटनं पेटीत होते, ते घातले. कोनाले दिसू देल्लं नाई.

वाजवला. साऱ्या पोट्ट्या म्हनत राहिल्या, हरभरे, खारका, साखरेचे बत्तासे. आरतीनं डबा मागून घेतला. कानाशी नेला, एकदा हळूच हालवला. मंग म्हने, "आजी, हे खायाचं नोय. हे आबाचे बटनं हायेत."

पोट्ट्या हासून हासून पडल्या. ह्यायले जाऊन सहा वर्स झाले. तवा ती तीन वर्साची. त्यायच्या मांडीवर बसून बटनं वाजवाची.

मी सैपाकघरात जाऊन मुठभर साखर आनली, वाटली. डोळ्यात काही गेलं होतं, साखरेचं असन.

१६ सप्टेंबर, मंगळवार

गोवर्धन सर भेटले. तीस तारखेले अमरावतीवरून साहेब येऊन राहिले म्हने, मॅडमच्या गान्याचा काही फायदा हाये का पाहाले. सातही पोट्ट्यायले वाचाले लावनार. आरतीले कासवाचा धडा. जी वाचन ती 'प्रगत', तिले अकोल्याची गरज नाई.

मले रस्त्यातच हासू आलं. कासवाचा धडा मंजे एक पान आन् वर चार ओळी. भुलाबाईच्या गान्यायचे तं वीस-वीस कडवे हायेत आन् पोट्टीले सारे पाठ हायेत.

संध्याकाळी गीतांजलीकडून धडा दोनदा वाचून घेतला. भुलाबाईच्या चालीवर बसवला. 'कासव निघालं विहिरीतून गं, पाठीवर घर घेऊन गं', असा. मले वाटलं पाठ कराले दोन संध्याकाळी लागतीन, आरतीनं एकाच संध्याकाळीत केला. आता चाल काढून टाकाची आन् बोट फिरवाले शिकवाचं.

"आजी, पन हे वाचनं थोडीच होय?"

"साहेबाले कोन सांगते?"

"मॅडमले समजन."

"मॅडमले? तिले टाळ्या वाजवू दे."

फसवाचं मंजे कसं, तिघायले एकदम. साहेब, मॅडम, जीवन. एका दगडात तीन.

२२ सप्टेंबर, सोमवार

वावरात भेंडी लावाची होती. आरती बियाचं पाकीट घेऊन बांधावर बसली होती. मांडीवर टिचक्या मारत होती. म्हने, "भें-डी." मी म्हटलं, वर चित्र हाये तं काय 'हत्ती' म्हनशील? मंग खालच्या बारीक अक्षरावर बोट ठेवून म्हने, "सं... सं-क-रि-त."

त्याचं चित्र नव्हतं. ऐकलं असन कुठी. जीवन म्हनतच राह्यते संकरित संकरित.

घरी आल्यावर कासवाचा धडा म्हनून घेतला. पाच बार. तिले टिचक्या नाई मारू देल्ल्या, चाल मोडते.

३० सप्टेंबर, मंगळवार

झालं!

साहेब चष्मेवाले, चहा पिऊनच आले होते, इथी भी प्याले. शुभमनं चार शब्द वाचले आन् अडकला. दुसरा तं उठलाच नाई. मंग आरती उठली. पुस्तक धरलं, बोट ठेवलं आन् कासव असं सुटलं का बाप्पा, सशाले भी हरवन. एक अक्षर चुकलं नाई. फक्त एक झालं, पान संपलं आन् पोट्टी पान न उलटता पुढच्या चार ओळी बोलतच राहिली. मी जोरात खोकलली. तिनं झटकन पान उलटलं. साहेबाचं ध्यान बिस्किटात होतं.

साहेबायनं टाळ्या वाजवल्या. गोवर्धन सरायनं छाती फुगवली. कागदावर 'प्रगत' लिहिलं. मॅडमच्या डोळ्यातून घळाघळा पानी. रडली भैताड! मले वाटलं उभ्यानं फुगडी घालावी.

घरी जीवननं देवामागचा फॉर्म काढला आन् फाडला. आरतीले उचलून घेतलं, नऊ वर्साच्या घोडीले. मी पुरन घातलं. पोट्टीनं अर्धीच पोळी खाल्ली. म्हने, पोट दुखते.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज कोजागिरी, भुलाबाई गेली. नदीवर गोवर्धन सर भेटले. मी म्हटलं, "सर, उद्या मंगळवार. आरतीले खंजिरी वाटाले सांगतली मॅडमनं."

"आता कायची खंजिरी आजी? तिचं नाव काढलं यादीतून. प्रगत झाली ना. तिची जागा दुसऱ्या पोट्ट्याले देल्ली."

"काढलं?"

"नियमच हाये. बऱ्या झालेल्याले औषध देते काय कोनी?"

मी हासली. हासाले पायजे होतं. आमचा डाव होता ना.

घरी आरतीनं इचारलं, "आजी, उद्या मी कुठी बसू?"

"वर्गात."

"गोलात नाई?"

"तुले येते ना आता वाचता."

तिनं माह्याकडे पायलं. काही बोलली नाई. आपल्या मायवर गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार

चार-पाच दिवस काही लिहिलं नाई. लिहासारखं नव्हतं.

वर्गात तिले रोज नवा धडा वाचाले लावतेत. प्रगत हाये ना. उभी राह्यते आन् उभीच राह्यते. पोट्टे म्हनतेत, 'कासववाली, कासव म्हन'. काल शाळेत गेलीच नाई, वांग्याच्या वावरात लपून बसली. मी शोधाले गेली.

मी म्हटलं, "काहून वो, मास्तरले भेतं?"

"मले येऊन राहिलं होतं, आजी."

"काय?"

"वाचनं. हळूहळू येऊन राहिलं होतं. टिचक्या मारल्या का अक्षरं थांबतेत. तू मारू नाई देल्ल्या."

मी काय म्हनू? साठ वर्सात कोन्या बाईनं मले असं गप केलं नाई, माह्या सासूनं भी नाई. मंग पोट्टी म्हने, "तू लिहितानी गुनगुनतं काहून?"

"खोड हाये."

"नाई गुनगुनली तं?"

"तं अक्षरं नाचतेत," मी बोलून गेली.

ती म्हने, "माहे भी."

बांधावर बसून राहिलो दोघी. मले तिसऱ्या वर्गातला गुरुजी आठवला. माह्या बोटायवर रूळ मारे आन् म्हने, माळ्याची पोट्टी, मुळे मोज. घरी माय दळाले बसे. मी पाटी घेऊन जात्याजवळ बसो. जात्याच्या एका फेऱ्याले एक अक्षर. तिनं मले असं शिकवलं. तिले स्वतःले एक अक्षर येत नव्हतं. मले वाटे, जवळ बसवून घ्याचं म्हनून बसवते.

भैताड कोन हाये, ते आज नाई लिहीत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

एसटीनं अमरावतीले गेली. मॅडमचं हापीस कॅम्पात, एका माडीवर. दारात वही ठेवली होती, नाव-गाव लिहाचं. मी गुनगुनत लिहिलं. मान वर केली तं मॅडम उभी. पाहूनच राहिली होती.

मी बसली नाई. म्हटलं, "मॅडम, मी तुमाले फसवलं. कासवाचा धडा पोट्टीनं वाचला नाई. मी भुलाबाईच्या चालीवर पाठ करून घेतला."

ती म्हने, "मला माहीत आहे, आजी. पान संपलं तरी ती वाचत होती."

मंग मी बसली. "माहीत होतं तं रडल्या कायले?"

"लाज वाटली म्हणून. साहेब टाळ्या वाजवत होते आणि माझी पुढची नेमणूक त्या कागदावर होती. मी गप्प बसले."

"म्हंजे आपन दोघीभी चोर."

"हो, आजी."

येवढ्या लवकर कबूल झाली का मले भांडता भी आलं नाई. ती म्हने, "मी खरं लिहून देऊ शकते. तिचं नाव परत यादीत येईल. पण मग गोवर्धन सर पुन्हा अकोल्याचं काढतील. तुमचा मुलगाही."

मले समजत होतं. तेच तं टाळाले मी हे सारं केलं होतं. खिडकीतून खालची भाजीची गाडी दिसत होती, तिच्याकडे पाहत राहिली. मंग म्हटलं, "लिहा."

निघतानी तिनं इचारलं, "आजी, तुम्हाला लहानपणी वाचायला जड गेलं का हो?"

म्हटलं, "मास्तर जड होता."

या बारीले ती हासली तं मले राग नाई आला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

जीवनले सांगतलं. वाटलं ओरडन. ओरडला असता तं बरं झालं असतं, मले ओरडता येते. तो हळू बोलला.

"म्हंजे मी फॉर्म फाडला तवा तू पाहून राहिली होती. आन् हासून राहिली होती."

"पोट्टीसाठी केलं, जीवन."

"तिले साऱ्या शाळेत खोटी पाडलं तू. दिवाळी होऊ दे. दहा तारखेले मी तिले अकोल्याले नेतो."

"तठलोक तिनं वाचून दाखवलं तं?"

"दाखवू दे. मी कसं मानू? तुले साऱ्या पुस्तकाचं पाठांतर करून घेता येते. आता आई, तुह्या हातची खिचडी सोडून मले कायचाच भरवसा नाई."

खिचडीचा हाये, हे त्यानं चांगलं केलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. मी आन् आरती ओसरीत भुलाबाईचा डबा उपडा ठेवून बसतो. शब्दाच्या एका अक्षराले डब्यावर एक थाप. मी वाजवतो, ती बोट पुढं सरकवते. पाठ होईन असं काही देत नाई. बियाचे पाकिटं, खताच्या गोन्या, लगनाच्या पत्रिका. एका पत्रिकेत नवऱ्या मुलाची पदवी होती, तिथी आमी दोघीभी अडकलो. गीतांजली भाकर टाकून आली आन् वाचून गेली. जातानी म्हने, "आई, थाप हळू मारा, डबा चेपला."

सून बोलली. तारीख लिहून ठेवतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा उघडली. नाव यादीत परत आलं, पुढं 'अप्रगत'. गोवर्धन सर मले पाहून दुसऱ्या गल्लीनं गेले. आरती गोलात बसली, खंजिरी तिनंच वाटली. मॅडमनं मले मागून पुढं बोलावलं, ढपली हातात देल्ली. मी म्हटलं, "माकड राहिलंच होतं तुमच्या झोळीत." आन् वाजवली.

पन सहा दिवस उरले.

९ नोव्हेंबर, रविवार

ओसरीत लोखंडी पेटी उघडी होती. जीवननं नवीन घेतली. गीतांजली घड्या घालत होती, घालून पुन्हा काढत होती. संध्याकाळी मॅडम आली, खास अमरावतीवरून. जीवननं चहा सांगतला, तोंड मात्र दगडाचं.

मॅडम म्हने, "दादा, उद्या न्यायच्या आधी एकदा ऐकाल का?"

"काय ऐकू? आईनं जे बसवलं असन ते?"

  मॅडमनं माह्याकडे वळून इचारलं, "आजी, निरीक्षण वही कुठंय? दिवाळीनंतर दाखवायची होती."

 मी म्हटलं, "हरवली. उंदरायनं नेली."

आरती म्हने, "नाई मॅडम, ज्वारीच्या कोठीमागं हाये." आन् पळत जाऊन घेऊन आली. मी हात लांब केला, तिनं देल्ली नाई. पयलं पान उघडलं. आपल्या बापासमोर उभी राहिली. मांडीवर टिचकी मारली.

"भा-व-ना."

चहा उतू चालला होता, कोनी उठलं नाई.

"म... मॅ-ड-म."

मी म्हटलं, "आरती, ठेव ते."

"भै..." थांबली. दोनदा टिचकी मारली. "भै-ता-ड." मंग तिलेच समजलं काय वाचलं ते, डोळे मोठे झाले, पन थांबली नाई. "हा-ये."

 जीवननं वही हातात घेतली, पायली, माह्याकडे पायलं. "हे भी तू पाठ करून घेतलं?"

खरं बोलाची मले सवय नाई, जड गेलं. "नाई. हे तं मी कोनालेच दाखवनार नव्हती."

मॅडमनं पदरानं तोंड पुसलं. हासून राहिली होती का रडून, अंधार पडला होता, दिसलं नाई. म्हने, "पुढं वाच, आरती."

पोट्टीनं पुढं वाचलं. 'हे पयले लिहून' इथलोक आली, 'ठेवतो' वर अडकली, तिथी थांबली. दमली. चार ओळी भी नाई झाल्या, आन् गीतांजलीनं दुसऱ्यांदा चहा ठेवला होता तो भी उकळून गेला.

जीवन पेटीजवळ बसला.  मंग उठला, पेटीतला फ्राक काढला आन् दोरीवर टाकला. मंग दुसरा.

१० नोव्हेंबर, सोमवार

पेटीत आता कांद्याचं बी भरलं. अकोल्याले कोनी गेलं नाई.

सकाळपासून पोट्टी ही वही शोधून राहिली. पिठाच्या डब्यात ठेवली, तठी सापडली तिले. ह्यायच्या कोटात ठेवली, तठी भी सापडली. आता मी अंगनात बसून लिहितो आन् ती मागून वाकून, टिचक्या मारत, माहीच ओळ मले वाचून दाखवते. चुकते. मी सांगत नाई. पुन्हा मारते टिचकी.

या घरात आता मनातलं लिहाची सोय राहिली नाई.